साडेसदतीस अंश आणि सडक अर्जुनीचा मे महिना

मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीकडे दुपारी पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. जुन्या कवेलूच्या घरात तरी थोडा गारवा असतो, टिनाखाली तोही नाही. अशा खोलीत कुणी थर्मोकोलच्या पेटीत बल्ब आणि थर्मोस्टॅट बसवून गावरान कोंबडीची अंडी उबवायला ठेवली, तर दुपारभर बल्ब पेटतच नाही. थर्मोस्टॅट बिघडलेला नसतो. ३७.५ अंशांना बल्ब बंद करायचा, एवढं सांगितलेलं काम तो चोख करतो. पण खोलीच ४० अंशांची असेल, तर बल्ब विझवून झाल्यावर त्याच्या हातात काही उरत नाही. त्याला तापवता येतं, गार करता येत नाही. पेटी खोलीच्या मागोमाग चाळिशीवर जाऊन बसते.

घरगुती उबवणीला लागणारी माणसं आधी पेटी घेतात किंवा बनवतात, मग ती ठेवायला कोपरा शोधतात. पूर्व विदर्भात तरी हा क्रम उलटा हवा. आधी ऋतू, मग खोली आणि शेवटी यंत्र.

कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण ४१ अंश असतं. खुडूक झालेल्या कोंबडीच्या छाती-पोटावरची पिसं झडून उघडी, उबदार कातडी थेट अंड्याला टेकते. २१ दिवस ती अंडी उलटीपालटी करते, कडेची मधे घेते, मधली कडेला सारते. यंत्राला हीच ऊब द्यायची असते. पंखा असलेल्या पेटीत हवा सगळीकडे सारखी खेळते, म्हणून तिथे ३७.५ अंश हा आकडा धरतात. पंखा नसेल तर गरम हवा वर आणि गार हवा खाली असे थर पडतात. मग थर्मामीटर अंड्यांच्या वरच्या पातळीला ठेवून तिथे ३८.३ ते ३८.९ अंश राखावे लागतात. अनेकांची पहिली फसगत इथेच होते. पेटी बिनपंख्याची आणि आकडा पंख्याच्या पेटीचा, किंवा थर्मामीटर झाकणाला टांगलेला आणि अंडी वीतभर खाली.

अंश-दोन अंशांनी एवढं काय बिघडतं? तापमान सतत एखाद अंशाने कमी राहिलं तर पिल्लं २२व्या-२३व्या दिवशी रेंगाळत बाहेर येतात आणि अशक्त असतात. सतत जास्त राहिलं तर वेळेआधी फुटतात, बेंबी नीट मिटलेली नसते. ४०.५ अंशांच्या आसपास काही तास गेले तर बरेच गर्भ मरतात. थंडी आणि उष्णता इथे एका मापाची संकटं नाहीत. कोंबडी स्वतः रोज चारा-पाण्यासाठी पंधरा-वीस मिनिटं उठतेच, तेवढ्याने अंड्यांचं काही बिघडत नाही. वीज गेली म्हणून लगेच हवालदिल व्हायला नको. पेटी न उघडता तिच्यावर गोधडी टाकावी, वीज लांबली तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवाव्यात. तास-दोन तास निभावतात.

मात्र शेवटच्या आठवड्यात हाच उपाय अंगलट येऊ शकतो. पहिल्या दिवसांत अंडं नुसती ऊब घेतं. साधारण नवव्या-दहाव्या दिवसानंतर गर्भ स्वतः उष्णता तयार करू लागतो आणि ती वाढत जाते. पेटी भरलेली असेल तर हवेचं तापमान ३७.५ दिसत असतानाही कवचाचं तापमान त्याहून वर गेलेलं असतं. त्या काळात वीज गेली तर पेटी गच्च गुंडाळून ठेवू नये. हवेची भोकं उघडी हवीत, आतल्या जिवांना श्वासही लागतो.

अंड्याच्या या अंगच्या उष्णतेवर चीन आणि बांगलादेशातल्या धानउत्पादकांनी एक अख्खी पद्धत उभी केली. गरम केलेल्या तुसात, बांबूच्या उभ्या टोपल्यांमध्ये अंडी ठेवायची. काही दिवसांनी ती तापू लागली की त्यांच्या उबेवर नव्या अंड्यांच्या पिशव्या जोडायच्या. बांगलादेशात आजही बदकाची अंडी अशी उबवली जातात. गोंदिया हा धानाचाच जिल्हा, तुसाला इथे तोटा नाही. ही सगळी पद्धत उचलायची गरज नाही, पण पेटीभोवती चार बोटं तूस भरलं तरी रात्री-दिवसाच्या तापमानातला झोक बराच आवरतो.

इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवणारे कारागीर थर्मामीटर वापरत नसत. अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ते ऊब ओळखत. एवढी सवय नसलेल्यांनी थर्मामीटर तपासूनच घ्यावा, कारण स्वस्त डिजिटल यंत्रं सहज एखाद अंश चुकतात. घरातला तापाचा थर्मामीटर इथे कामी येतो. ३८ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात त्याचं टोक आणि पेटीचा सेन्सर शेजारी धरून आकडे ताडून पाहायचे. सेन्सर पाण्यात चालणारा नसेल तर दोन्ही एका पातळ पिशवीत घालावेत. फरक निघाला तर तेवढा मनात धरून पुढचे आकडे वाचायचे. घरगुती पेट्यांत सर्रास दिसणाऱ्या छोट्या ‘डब्ल्यू १२०९’ थर्मोस्टॅट-पट्टीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. बल्ब बंद झाल्यावर किती अंश उतरल्यावर तो पुन्हा पेटावा, हे तिच्यात ठरवता येतं. नवी असताना ते अंतर बहुधा २ अंशांचं असतं. ते अर्ध्या अंशाच्या आत आणावं. आणि बल्ब एक न लावता कमी वॅटचे दोन लावावेत, एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. एलईडी दिवा मात्र इथे निरुपयोगी आहे, हवा तो जुना तारेचा बल्ब.

उन्हाळ्यातलं निम्मं नुकसान तर पेटीपर्यंत पोचायच्या आधीच झालेलं असतं. साधारण २१ अंशांच्या वर गेलं की अंड्यातला गर्भ थोडा थोडा वाढू लागतो. दहा-बारा अंडी जमेपर्यंत ती ३५ अंशांच्या खोलीत आठवडाभर पडून राहिली, तर ती वाढ अर्धवट होऊन थांबते. पुढे सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघावं, तर लाल शिरांचं जाळं नाहीच. साठवणीला १५ ते १८ अंश चांगले आणि सात दिवसांपेक्षा जास्त नको. फ्रिज त्याहून फार थंड असतो. ओल्या वाळूत अर्धा पुरलेला मातीचा माठ हा खेड्यांसाठी सुचवला जाणारा जुना आणि खरंच उपयोगी उपाय आहे.

उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत पेटी ठेवायचं अनेकांना सुचतं. तापमानासाठी ते बरोबरच, पण कूलर हवेत ओल सोडतो. पहिल्या १८ दिवसांत पेटीत ५० ते ५५ टक्के आर्द्रता पुरते, तेव्हा आतलं पाण्याचं भांडं लहान करावं लागतं. शेवटचे तीन दिवस ती ६५-७० टक्क्यांवर न्यायची आणि अंडी फिरवणंही थांबवायचं.

तापमान थोडं खाली ठेवलं की तलंगा जास्त निघतात, असं सांगणारेही भेटतात. रत्नागिरीत वेळासच्या किनाऱ्यावरच्या कासवांच्या अंड्यांबाबत वाळूचं तापमान नर-मादी ठरवतं, हे खरं आहे. कोंबडीत ते अंडं घातलं जाण्याआधीच, कोंबडीकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरलेलं असतं. पेटीचा खटका फिरवून कोंबडे कमी होत नाहीत.

दहा-बारा अंड्यांसाठी घरात खुडूक कोंबडी असेल तर खरं म्हणजे पेटीचा खटाटोपच नको. पेटी लागते ती जास्त अंड्यांना, किंवा कोंबडी खुडूक बसून अंडी द्यायची थांबू नये म्हणून. त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. धान निघालेलं असतं, तूस ताजं असतं आणि थर्मोस्टॅटला करता येण्यासारखं काम असतं. हिवाळ्यात विदर्भातल्या गार ठिकाणांत गोंदियाचं नाव हटकून येतं, किमान तापमान १० अंशांखाली उतरतं. म्हणून पेटी पडवीत न ठेवता आतल्या, खिडकीपासून लांबच्या खोलीत असावी. पिल्लं फुटल्यावरही ऊब लागतेच. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. तिथे थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघावं. बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, चोच उघडी टाकून कडेला पळाली असतील तर बल्ब वीतभर वर टांगावा.