ताक फुंकून पिणारे
आठवण-साठवण : लेखांक ९

‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ असं कुणी म्हटलं की आपल्याकडे वाद तिथेच मिटतो. ज्याच्या गाठीशी आठवणी जास्त, त्याला आजचं काम अधिक जमणार, हे त्यात गृहीत असतं. या बोलण्यात किती पाणी आहे ते आज मोजू. त्यासाठी तीन भांडी लागतील.

पहिल्यात २१ मापं पाणी मावतं, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३. भांड्यांवर खुणा नाहीत आणि बरोबर १०० मापं पाणी हवंय. मोठं भांडं काठोकाठ भरा, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा भरून घ्या. मोठ्यात उरतं ते शंभर. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने अशी पाच गणितं ओळीने घातली, सगळी याच युक्तीने सुटणारी. मग दिली २३, ४९ आणि ३ची भांडी, हवीत २०. बहुतेकांनी पुन्हा मोठं भांडं भरलं, पहिलं एकदा काढलं, तिसरं दोनदा. उत्तर बरोबरच येतं. पण २३मधून ३ काढले की काम झालं, हे त्यांना दिसलंच नाही. आधीची पाच गणितं ज्यांनी सोडवली नव्हती, त्यांना ते चटकन दिसलं. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत लुचिन्सने काहींना कागदावर स्वतःच्या हाताने ‘आंधळेपणा करू नका’ अशा अर्थाची सूचनाही लिहायला लावली होती. काहींचे डोळे त्याने उघडले, सगळ्यांचे नाहीत.

स्मरणशक्तीने या मंडळींना दगा दिला असं म्हणता येत नाही. तिने आपलं काम चोख केलं आणि पंचाईत झाली ती त्यामुळेच. मॉस्कोच्या शेरेशेव्स्की नावाच्या माणसाचंही तसंच झालं. काहीही न विसरणाऱ्या त्या माणसाला चेहरे ओळखणं जड जायचं, कारण चेहरा हसता-रुसता बदलतो आणि त्याच्यापाशी प्रत्येक बदल वेगळा साठलेला.

उलटा प्रकारही घडतो, आणि मला तो जास्त चक्रावून टाकतो : उपयोगाची आठवण जवळ असते, पण वेळेला हाक मारूनही येत नाही.

मिशिगन विद्यापीठात मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० साली एक जुनं कोडं वापरलं. रुग्णाच्या पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया शक्य नाही. किरणांनी गाठ जाळता येईल, पण तेवढे प्रखर किरण वाटेतला निरोगी भागही जाळतील. सौम्य किरणांनी कशालाच काही होणार नाही. काय कराल? नुसतं कोडं दिलं तर दहातल्या जेमतेम एकाला उत्तर सुचतं. म्हणून त्यांनी लोकांना आधी एक गोष्ट वाचायला दिली. एका सेनापतीला किल्ला घ्यायचाय. किल्ल्याकडे चहूबाजूंनी रस्ते जातात, पण त्यांत सुरुंग पेरलेत. थोडी माणसं सुखरूप जातील, मोठं सैन्य गेलं की स्फोट. सेनापती सैन्याच्या लहान तुकड्या करतो, प्रत्येक रस्त्याने एक धाडतो आणि सगळ्या एकाच वेळी किल्ल्याला भिडतात.

गाठीचं उत्तर तेच : अनेक दिशांनी सौम्य किरण सोडायचे आणि गाठीवर एकत्र आणायचे. (हे नुसतं कागदी कोडंही नाही. मेंदूतल्या गाठींसाठीच्या गॅमा नाइफ यंत्रात सुमारे दोनशे बारीक किरणझोत असेच एका बिंदूवर आणतात.) तर गोष्ट वाचून अवघी काही मिनिटं झालेली, आणि तरी आपण होऊन उत्तरापर्यंत पोचले ते दहातले दोन-तीन. ‘मघाची गोष्ट उपयोगी पडेल का बघा’ एवढं म्हटल्यावर मात्र बहुतेकांना ते सुटलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे मागच्याने ठेच पाहिली, लक्षातही ठेवली, पण आपल्या पायाखालचा दगड तोच आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागलं.

असं का? किल्ला आणि पोट यांत दिसायला काहीच सारखं नाही, आणि आठवण बहुधा दिसण्यावरूनच जागी होते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ही म्हण आपण भित्र्या माणसासाठी वापरतो. मला ती स्मरणशक्तीच्या या खोडीचं नेमकं वर्णन वाटते. ताक कुणी तापवून पीत नाही. पण ते पांढरं असतं, आणि पोळल्याची आठवण त्या पांढऱ्या रंगाला चिकटून बसलेली असते, चुलीला नाही. हाच माणूस उकळता काळा चहा बेफिकीरपणे तोंडाला लावेल.

जाणकाराची आठवण वेगळ्या जागी चिकटलेली असते. १९८१च्या एका अभ्यासात भौतिकशास्त्राची गणितं गटवार लावायला सांगितली होती. नवख्या विद्यार्थ्यांनी उताराची गणितं एकीकडे ठेवली, कप्पीची दुसरीकडे. मुरलेल्यांनी मात्र उतार असो की स्प्रिंग, ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एकत्र घातली. त्यांना चूल दिसत होती.

ही नजर थोडीफार कमावताही येते. गिक आणि होलिओक यांनी १९८३ साली एकाऐवजी दोन गोष्टी दिल्या, सेनापतीच्या जोडीला आगीची, जिथे अनेक लहान नळ्यांचे फवारे चहूकडून एकदम सोडतात, आणि दोन्हींत सारखं काय ते लिहायला लावलं. किल्ला, आग, सैन्य, पाणी सगळं गळून पडलं आणि उरला तो सांगाडा. असं लिहिलेल्यांना गाठीचं कोडं न सुचवताही जास्त वेळा सुटलं. चार पावसाळ्यांचा हिशेब इथेच कुठेतरी लागतो : ते एकमेकांशेजारी मांडून पाहिलेत का?

लुचिन्सचं एक गणित मी मुद्दाम राखून ठेवलंय. भांडी २८, ७६ आणि ३ची. पाणी हवंय २५. त्याच्याकडची बरीच मंडळी इथे अडून बसली होती. घरातल्या एखाद्या चौथी-पाचवीतल्या पोराला, आधीचं काही न सांगता, थेट हेच घाला. तुम्ही तोवर मोठं भांडं भरत बसू नका.