जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

फवारणीच्या नोंदी व बागेचा हिशेब आपण ज्या संगणकावर ठेवता, त्यावर विंडोज १० ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे काय, ते प्रथम पाहावे. मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. संगणक चालतो, पण त्यावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे ठरते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. जुन्या यंत्रात बहुधा ही शेवटचीच नसते. तेवढ्यासाठी चांगले यंत्र भंगारात घालू नये.

अशा यंत्रावर लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम बसविता येते. डाव्या कोपऱ्यातील मेनू विंडोजसारखाच असल्याने हात लवकर बसतो. तक्ते व पत्रांसाठी लिब्रे ऑफिस सोबत मिळते. आधी ती पेनड्राइव्हवरूनच चालवून प्रिंटर, वायफाय व मराठी टंकलेखन तपासून घ्यावे. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी मात्र विंडोजच ठेवावी. टॅली विंडोजसाठी बनविलेली आहे.

नवी सिस्टिम बसविताना डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून सर्व नोंदींची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, हे पाहूनच पुढे जावे.