थंडी मागणारे झाड

गेल्या काही वर्षांत चेन्नईच्या फळांच्या दुकानांतून एक नवे फळ दिसू लागले आहे. आकार टोमॅटोसारखा, रंग नारिंगी, कांती तकतकीत आणि देठाशी चार पाकळ्यांची जाड टोपी. हिंदीत त्याला ‘अमरफल’ म्हणतात. कुलूच्या बाजारात ते ‘जापानी फल’ होते. मराठीने त्याला अद्याप स्वतःचे नाव दिलेले नाही, तेव्हा ‘पर्सिमॉन’ याच नावाने काम भागवावे लागते. जपानी भाषेत त्याचे नाव ‘काकी’ असे आहे. परंतु मराठी घरात ते रूढ होण्याचा संभव फार कमी!

पुण्याहून वा नाशिकहून येऊन अड्यार, अण्णानगर अशा भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांच्या घरामागे थोडी मोकळी जमीन आहे, त्यांना हे फळ चाखल्यावर झाड लावण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. रोपवाटिकेत कलमही मिळते आणि त्याला फळांनी लगडलेल्या झाडाचे चित्र टांगलेले असते. पण असे कलम विकत घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे. शहरातील परसात बहुधा एकाच झाडापुरती जागा असते, आणि ते झाड फळणार नाही हे उमगेपर्यंत सहासात वर्षे सहज निघून जातात.

पर्सिमॉन हे मूळचे चीनचे, हिवाळ्यात पाने गाळणारे झाड. ज्या देशांत हिम पडते तेथील झाडांपुढे एक मोठा पेच असतो. शरदात पाने झडतात आणि पुढील वर्षीची पालवी इवल्याशा डोळ्यांत मिटून झोपी जाते. हिवाळ्याच्या मध्यावर चार दिवस ऊन पडले म्हणून ती फुटली, तर पाठोपाठ येणाऱ्या हिमाने करपून जाईल. म्हणून झाड जणू थंडीचा हिशेब ठेवते. ठरावीक काळ गारठा भोगल्यावाचून डोळा नीट उघडत नाही. हा हिशेब मांडण्याची जुनी रीत म्हणजे तापमान सात अंश सेल्सियसच्या खाली गेल्याचे तास मोजणे. सफरचंदाच्या कित्येक जातींना असे हजारभर तास लागतात. पर्सिमॉनची भूक त्या मानाने माफक. शे-दोनशे तासांत त्याचे भागते. दहाबारा अंशांचा गारवाही काही प्रमाणात त्याच्या उपयोगी पडतो.

आता चेन्नईकडे पाहा. तेथे जानेवारीतली रात्रही साधारण विसाच्या खाली फारशी उतरत नाही. या शहराच्या दीर्घ नोंदींतील नीचांक आहे १३.९ अंश, तो डिसेंबर १८९५ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९०५ मध्ये नोंदला गेला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांत पर्सिमॉनला हवा असलेला असा एक तासही या शहराने पाहिलेला नाही. अशा ठिकाणी झाड लगेच मरते असे नव्हे. जुनी पाने अर्धवट धरून ठेवते, एखाद्या फांदीला अवेळी पालवी फुटते, दुसरी तशीच मुकी राहते. फुले मात्र तुरळक, आणि फळांची आशा धरू नये हे उत्तम. मुळाशी बर्फ घालावा असा एक सल्ला अधूनमधून ऐकू येतो. त्यात तथ्य नाही. थंडी लागावी लागते ती डोळ्यांना, मुळांना नव्हे.

मग तमिळनाडूत हे झाड होतच नाही काय? होते, आणि चेन्नईहून फार तर एका रात्रीच्या प्रवासावर होते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर चढल्यावर तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने अठराशे मीटरच्या आसपास वसलेले निलगिरीतील कुन्नूर हे चेन्नईहून अकराबारा अंशांनी थंड ठरते. रात्रीच्या गाडीने मेट्टुपाळयमला उतरावे आणि १८९९ साली कुन्नूरपर्यंत सुरू झालेल्या दातेरी रुळांच्या छोट्या गाडीत बसावे; ती गाडी आपल्याला नारळाच्या ऋतूतून पर्सिमॉनच्या ऋतूत नेऊन सोडते. कुन्नूरच्या सरकारी फळबागेत ही झाडे वाढविलेली आहेत. विषुववृत्ताच्या अगदी जवळ असलेल्या सुमात्रा आणि जावा बेटांतही डोंगराळ भागात पर्सिमॉन पिकते. त्याला हवी असते ती उंची.

निलगिरीत ज्यांचे घर वा लहानसा मळा आहे, त्यांनी हे झाड अवश्य लावावे. कलम घेताना खुंट विचारून घ्यावा; आपल्याकडे ‘अमलूक’ या लहान फळांच्या भाऊबंदाच्या खुंटावर कलमे बांधतात. झाड पानगळीत असतानाच लावावे. त्याचे मूळ काळे, लांब आणि सरळ खाली जाणारे असते. ते दुखावले की झाड वर्षभर रुसते. म्हणून खड्डा रुंदीपेक्षा खोलीला अधिक हवा, आणि कलमाचा सांधा मातीच्या वर राहावा. पाणी साचणारी जागा त्याला मानवत नाही. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास फांद्या जोमाने वाढतात, पण कोवळी फळे गळतात. शेणखत आणि पालापाचोळ्याचे आच्छादन पुरेसे होते.

छाटणीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. फळ येते ते नव्या फुटीवर, आणि ती फूट निघते गेल्या वर्षीच्या काडीच्या शेंड्याजवळील डोळ्यांतून. झाड गोल दिसावे म्हणून सगळे शेंडे कातरणारा माळी त्या वर्षीचे पीकच कातरून टाकतो. दाट झालेली काडी मुळापासून काढावी, उरलेल्यांचे शेंडे राखावे. लाकूड ठिसूळ असल्याने भरघोस लागलेल्या फांद्यांना टेकू द्यावा.

फळांचे दोन वंश आहेत. ‘फुयू’सारख्या जातीचे फळ कडक असतानाच सफरचंदाप्रमाणे चावून खाता येते. ‘हाचिया’सारखे फळ मात्र कच्चे असताना इतके तुरट असते की जीभ कोरड्या कापडासारखी होते. हा तुरटपणा टॅनिनचा. फळ मऊ पडत जाते तसे टॅनिन न विरघळणाऱ्या रूपात जाते आणि जिभेला जाणवेनासे होते. पिकल्या सफरचंदाशेजारी झाकून ठेवल्यास हे काम लवकर होते. काढताना फळ ओढू नये. टोपीसह कात्रीने कापावे.

याच टॅनिनने मला या कुळाकडे प्रथम ओढले. कच्च्या काकीचा आंबवलेला रस जपानी लोक कागद आणि कापड टिकाऊ करण्यासाठी वापरीत आले. बंगालमधील कोळी ‘गाब’ नावाच्या फळाच्या रसात जाळी बुडवीत. गाब हे पर्सिमॉनच्याच प्रजातीतले झाड. आणि आपली टेंभुर्णी? तीही त्याच घरातली. विदर्भाच्या जंगलांतून जिची पाने विडीसाठी खुडली जातात आणि जिची पिवळी टेंभरे गोंदिया-गडचिरोलीची मुले वेचून खातात, ती टेंभुर्णी म्हणजे पर्सिमॉनची रानातली बहीण. तिला शास्त्रीय नाव दिले ते मद्रास इलाख्यात डॉक्टर म्हणून आलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी. कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १७९५ साली निघाला. तमिळ लोक ज्याला ‘करुंगाली’ म्हणून मान देतात तो अबनूसही याच कुळातला. ही मंडळी चेन्नईच्या उन्हाला डरत नाहीत. परंतु अबनूस अतिशय सावकाश वाढतो, आणि टेंभुर्णीत नर-मादी झाडे वेगळी असल्याने एकच लावून फळाची खात्री नाही. मोठे आवार असेल तर ती लावावीत. लहान परसाला ती झेपत नाहीत.

तेथे माझे मत चिकूच्या बाजूने पडते. चिकूचे कुळ निराळे असले तरी नाते अगदी दूरचे नाही. कच्चेपणीचा तुरटपणा, पिकल्यावरचा मऊ गोडवा आणि तपकिरी चकचकीत बिया यांत ते सहज दिसते. थंडीची त्याला गरज नाही आणि खाऱ्या वाऱ्याची भीती नाही. घोलवड-डहाणूकडची कालीपत्ती आपल्या ओळखीची. पण लहान जागेसाठी तमिळनाडूतच पेरियकुळम येथे तयार झालेली ‘पीकेएम-१’ ही आटोपशीर जात अधिक सोयीची. तिचे कलम खिरणीच्या खुंटावरचे असावे. खिरणी, जिला कोणी रांजण म्हणतात, ही याच किनाऱ्याची रहिवासी. तिची मुळे येथील वाळू आणि वादळे जाणतात. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळाने या शहरातील हजारो झाडे आडवी केली, हे चेन्नईकर अद्याप विसरलेले नाहीत.

चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, तेव्हा लागवड त्याच्या थोडी आधी करावी म्हणजे मुळे धरतात. रोपाला दोन बाजूंनी बांबू बांधावेत, आळे बुंध्यापासून जरा दूर करावे. पहिली तीन वर्षे दर पंधरा दिवसांनी सांध्याखाली नजर टाकावी. तेथून फूट निघाल्यास ती खिरणीची असते, चिकूची नव्हे. ती कोवळी असतानाच अंगठ्याने खुडून टाकावी.