धुऱ्यावरची आजारी खार : कारण ओळखा, धोका टाळा



खार आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. वाशिम जिल्ह्यात धुऱ्यावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, संत्र्याच्या बागेत आणि गोठ्याच्या छपरावर ती दिवसभर नजरेस पडते. आपल्या देशात नेहमी दिसणाऱ्या पट्टेरी खारींपैकी तीन पट्ट्यांची जात मुख्यत्वे दक्षिणेकडे, तर पाच पट्ट्यांची जात उत्तर व मध्य भारतात आढळते. ती भुईमुगाच्या शेंगा, पेरू, डाळिंब कुरतडते हे खरे, परंतु ती किडेही खाते.

माणसाची चाहूल लागताच शेपटी झटकत झाडावर चढणे हा खारीचा स्वभाव. म्हणून एखादी खार भर दिवसा जमिनीवर पडून असेल आणि जवळ गेल्यावरही पळत नसेल, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. ते काय बिघडले, हे शोधणे आपल्याही हिताचे आहे. कारण ज्या विषारी दाण्याने खार पडली, तोच दाणा उद्या कोंबडी, शेळी किंवा वावरात खेळणारे मूल उचलू शकते.

प्रथम दुरून पाहा

घाई न करता पाच मिनिटे दुरून निरीक्षण करावे. उन्हाळ्यात दुपारी खार चारही पाय पसरून फांदीवर किंवा सावलीत पोटावर पडून राहते. हा आजार नव्हे, अंग थंड करण्याची ती रीत आहे. अशी खार आवाज होताच चपळाईने पळते. न पळणारी, लंगडणारी, एका बाजूला कललेली, थरथरणारी किंवा रक्त दिसणारी खार मात्र आजारी अथवा जखमी समजावी.

लक्षणांवरून कारण

१) मांजर किंवा कुत्र्याचा चावा : मांजराच्या दाताची जखम टाचणीच्या टोकाएवढी असते व केसांत झाकली जाते. परंतु मांजराच्या लाळेतील जंतूंमुळे ती एक-दोन दिवसांत चिघळते. म्हणून मांजराच्या तोंडातून सुटलेली खार धडधाकट दिसली तरी तिला औषधाची गरज असते.

२) उंचावरून पडणे : मान वाकडी होणे, एकाच जागी गोल फिरणे, मागचे पाय ओढत चालणे, नाकातून रक्त येणे.

३) विजेचा धक्का : खार तारेखाली किंवा रोहित्राजवळ सापडते. पंजे, तोंड किंवा शेपटी भाजलेली दिसते.

४) खरूज : केस पुंजक्याने गळतात, कातडीवर खपल्या धरतात व खार सतत खाजवते. हा बहुधा बारीक माइट किडींचा उपद्रव असतो.

५) उंदराचे विष : झिंक फॉस्फाईडची काळपट भुकटी पोटातील आम्लाशी मिसळली की फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. काही तासांतच धाप लागते, झटके येतात. यावर खात्रीचा उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनचे काम याच्या उलट, संथपणे चालते. ते रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते. खाल्ल्यावर काही दिवसांनी खार सुस्त होते, हिरड्या फिक्या पडतात, नाकातून किंवा गुदद्वारातून रक्त येते. वेळेत पशुवैद्यकाकडे नेल्यास के-१ जीवनसत्त्वाने उपचार होऊ शकतो.

६) कीटकनाशक : ऑर्गेनोफॉस्फरस गटातील औषधाची बाधा झाल्यास तोंडातून लाळ गळते, डोळ्यांत पाणी येते, बाहुल्या बारीक होतात व अंग थरथरते. पशुवैद्यक यावर अॅट्रोपीन वापरतात.

रक्त दिसले म्हणजे मार लागला, असा निष्कर्ष लगेच काढू नये. बाहेर जखम नसून नाकातून रक्त येत असेल, तर गेल्या आठवड्यात आपण किंवा शेजाऱ्याने उंदराचे औषध कुठे ठेवले होते ते आठवावे. एकाच वावरात दोन-तीन खारी किंवा पक्षी पडलेले दिसले, तर विषबाधेचा संशय अधिक बळावतो.

प्रथमोपचार

खारीला उघड्या हाताने धरू नये. ती जोरात चावते आणि तिच्या अंगावर पिसवा असतात. जाड फडके टाकून अलगद उचलावे व भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे. खोके अंधाऱ्या, शांत जागी, मुले व कुत्री-मांजरे यांच्यापासून दूर ठेवावे. अंग गार लागल्यास कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. उन्हाने निपचित पडली असल्यास सावलीत आणावे. तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाऊन खार दगावते. गाईचे दूध पाजू नये. माणसाच्या गोळ्या देऊ नयेत. विषबाधेचा संशय असल्यास खारीच्या तोंडाजवळ वाकून श्वास घेऊ नये.

त्यानंतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे किंवा पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर विचारावे. खार हा वन्यप्राणी असल्याने वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावरही कळवावे. ती घरी पाळू नये. बरी झाल्यावर जिथे सापडली तिथेच सोडणे योग्य.

खार चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. खारीपासून रेबीज होणे अतिशय विरळ आहे, तरी धनुर्वाताचे इंजेक्शन व पुढील उपचार यांचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

पिलू सापडल्यास

वादळानंतर किंवा झाड तोडताना घरटे खाली येते. पिलू गरम व बिनजखमी असेल, तर ते टोपलीत घालून त्याच झाडाखाली किंवा खालच्या फांदीवर ठेवावे व दूर व्हावे. आई पुष्कळदा त्याला तोंडात धरून नेते. दिवसा दोन-तीन तासांत आई आली नाही, तरच पुढील मदत घ्यावी.

मूळ कारण दूर करा

शेतातील बहुतेक उंदीर रात्री फिरतात, खार दिवसा फिरते. या फरकाचा उपयोग करून घ्यावा. सायंकाळी सर्व बिळे चिखलाने बंद करावीत. सकाळी उघडलेली बिळेच जिवंत समजावीत. झिंक फॉस्फाईड वापरताना आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष द्यावे. मग विषारी आमिष सायंकाळी कागदाच्या पुडीत बिळात खोल सारून बीळ बंद करावे. धुऱ्यावर, झाडाच्या बुंध्याशी किंवा गोठ्यात आमिष उघडे ठेवू नये. उरलेले आमिष आणि मेलेले उंदीर सकाळी गोळा करून खोल पुरावेत.

पेरणीच्या वेळी बीजप्रक्रिया केलेले सोयाबीनचे बियाणे तासाच्या टोकाला सांडते, ते मातीआड करावे. फवारणीचे डबे धुतलेले पाणी झाडाखाली किंवा पाण्याच्या हौदाजवळ ओतू नये.

२०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. विषाच्या वापरातील निष्काळजीपणा किती महाग पडतो, हे आपण तेव्हा पाहिले आहे. धुऱ्यावर पडलेली खार ही कधी कधी त्याचीच पहिली सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष न करता आपल्या वावरातील औषधांचा वापर एकदा तपासून पाहावा आणि शंका असल्यास करडा येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याशी संपर्क साधावा.