वरठीचा रस्ता आणि मरणाची किंमत

मोहाडी तालुक्यातील वरठी या गावाच्या रेल्वे स्टेशनला वरठीचे नाव नाही. फलाटावरच्या पाटीवर 'भंडारा रोड' असे लिहिले आहे. हावड्याकडे जाणारा लोहमार्ग भंडारा शहराला न शिवता दहा-बारा किलोमीटर दुरून गेला, आणि ज्या ठिकाणी उतरून शहराकडे जाणारी सडक धरायची त्या ठिकाणाला रेल्वेने आपल्या शिरस्त्याप्रमाणे शहराचे नाव देऊन पुढे 'रोड' जोडले. गाव एकाचे, नाव दुसऱ्याचे. पण त्या पाटीतला 'रोड' हा शब्द मात्र वरठीच्या माणसाच्या आयुष्यातला अगदी खरा शब्द आहे, कारण त्याचे पोट या रस्त्यावर आहे आणि त्याचे मरणही पुष्कळदा याच रस्त्यावर येते.

हा रस्ता पाहावा तो पाळी सुटण्याच्या वेळी. येथे पोलादाचा मोठा कारखाना १९८९ पासून चालू आहे. जिल्हा धानाचा, म्हणून भातगिरण्या आहेत. वैनगंगेची रेती आहे, आणि पुढे तुमसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत. कोळसा, पोलाद, धान आणि रेती यांचे भरलेले ट्रक व टिप्पर, आणि दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली ज्या पट्टीवरून धावतात, त्याच पट्टीवरून हँडलला डबा अडकवलेला कामगार सायकलीने जातो, रोवण्याला निघालेल्या बाया जातात आणि शाळेची पोरे जातात. धानाच्या हंगामात रस्त्याच्या अर्ध्या अंगावर धान वाळत पडलेले असते. उरलेल्या अर्ध्यात ट्रकने आणि माणसाने काय ते आपसात वाटून घ्यावे! या वाटणीत कोणाच्या वाट्याला काय येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

तरीही जेव्हा माणूस मरतो तेव्हा आपण म्हणतो, त्याचा काळ आला होता. येथेच आपली पहिली चूक होते. 'अपघात' हा शब्द आपण नशिबाच्या खात्यात टाकला आहे. ज्या समाजाने आपले दारिद्र्य आणि आपली अस्पृश्यता पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ मानण्यास नकार दिला, त्याने रस्त्यावरच्या मरणालाही तेवढ्याच ठामपणे नकार दिला पाहिजे. प्रत्येक मरणाला कारण असते, आणि कारण असेल तर ते दूर करता येते.

कारण कसे शोधायचे ते एका साध्या हिशेबाने पाहू. समोर माणूस दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या गाडीने तेवढ्यात १६ ते १७ मीटर अंतर तोडलेले असते. पुढे भरलेला ट्रक थांबायला आणखी बारा मीटर धरा. म्हणजे एकूण २९ मीटर. हाच वेग ताशी ६० केला तर पाय पडेपर्यंतच २५ मीटर जातात आणि थांबायला पुढे २८ मीटर, एकूण ५३. वेग दीडपट झाला, पण थांबण्याचे अंतर जवळपास दुप्पट. आणि धडकेचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दीडपट वेगाला सव्वादोनपट. म्हणून ३५ मीटरवर रस्ता ओलांडणारी म्हातारी एका वेगात वाचते आणि दुसऱ्या वेगात मरते. तिचे नशीब दोन्ही वेळा तेच असते!

जगाने हे ओळखले आहे. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली असे धोरण स्वीकारले की माणूस चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, रस्ताच तसा बांधला पाहिजे. २०२० साली स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जेथे पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकत्र वावरतात तेथे वेग ताशी ३० किलोमीटरपेक्षा अधिक असू नये, असे म्हटले आहे. आपल्याकडे मात्र रस्ता रुंद केला म्हणजे विकास झाला असे समजतात. रुंद रस्ता चालकाला न बोलता सांगतो की जोरात जा. चालणाऱ्यासाठी बाजूला काय ठेवले? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूत्रांत पदपथ निदान १.८ मीटर रुंद असावा असे लिहिलेले आहे. वस्तीतून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेची साईडपट्टी पाहावी. मुरमाचा उतार, त्यावर पानठेला, त्यापुढे उभा केलेला ट्रक, आणि या सर्वांना वळसा घालून डांबरावर उतरलेला माणूस. पुढे पोलीस लिहितात, मृत रस्त्याच्या मधून चालत होता.

देशाचे आकडे याला दुजोरा देतात. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७ आणि पायी चालणारी ३२,८२५ होती. या दोहोंची बेरीजच एकूण मृत्यूंच्या जवळजवळ दोनतृतीयांश होते. मोटारीच्या काचेआड बसणाऱ्यांचे प्रश्न वर्तमानपत्रांत येतात, पण मरणाऱ्यांत बहुसंख्य उघड्या अंगाने रस्त्यावर असणारे आहेत. या अहवालात मृताचे लिंग आणि वय आहे, वाहन आहे. जात नाही. ती विचारण्याची गरजही नाही, कारण या देशात पायी कोण चालतो आणि पाळीला सायकलीने कोण जातो हे सर्वांना ठाऊक आहे.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. टिप्परचा चालकही बहुधा आपल्यातलाच असतो. त्याला मजुरी खेपेवर मिळत असेल तर वेग हा त्याचा स्वभाव नसून त्याच्या मालकाचा हिशेब असतो. जमाव चालकाला मारतो आणि मालकाचे नावही विचारत नाही. ह्याने काय साधते?

रस्त्याचा प्रश्न आपल्या चळवळीला परका नाही. त्रावणकोरात वैकोम येथे १९२४-२५ साली जो सत्याग्रह झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासाठी होता. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याच पंक्तीत 'रस्ते' हा शब्द आहे, आणि धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही त्यांच्या वापराला आडकाठी करता येणार नाही असे तेथे म्हटले आहे. रस्त्यावर पाय ठेवण्याचा हक्क असा मोठ्या किंमतीने मिळाला. त्याच रस्त्यावरून जिवंत घरी परतण्याचा हक्क मात्र अजून मिळायचा आहे. पूर्वी जात आडवी येत होती, आता टिप्पर आडवा येतो, असे म्हणून मी दोन्ही गोष्टी एक करीत नाही. पण दोन्ही वेळा रस्त्याखाली उतरावे लागते ते त्याच माणसाला, हे विसरता येत नाही.

आता मेल्यानंतरचे पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. भरपाई कशी मोजतात हे आपल्या कार्यकर्त्यांपैकी थोड्यांनाच माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निर्णयांनी त्याचे सूत्र पक्के केले आहे. वार्षिक उत्पन्न घ्यायचे, भविष्यातील वाढ मिळवायची, मृताचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. समजा बत्तीस वर्षांचा एक रोजंदार मजूर मेला, मागे चार माणसे. त्याची मजुरी महिना ९,००० धरली तर वर्षाचे १,०८,००० होतात. चाळीस टक्के वाढ मिळवून १,५१,२००, चौथा हिस्सा वजा जाता १,१३,४००, आणि १६ ने गुणून १८,१४,४००. आता त्याच वयाचा, तेवढ्याच कुटुंबाचा, महिना ६०,००० मिळवणारा कायम नोकरीतला अधिकारी घ्या. त्याची वाढ पन्नास टक्के. आयकर बाजूला ठेवला तर त्याचा हिशेब १,२९,६०,००० वर जातो. सातपटीहून अधिक! सूत्र दोघांना सारखेच लावले आहे, कायद्याने पक्षपात केलेला नाही. पण ज्याला जिवंतपणी कमी मजुरी दिली, त्याचे मरणही त्याच दराने मोजले गेले. जातिव्यवस्थेने श्रमाची जी किंमत ठरवली ती गुणाकार होऊन त्याच्या विधवेच्या हातात पडते.

आणि ही रक्कमही सिद्ध करता आली तरच मिळते. ठेकेदाराकडच्या मजुराजवळ वेतनचिठ्ठी नसते, म्हणून न्यायाधिकरण मानीव उत्पन्न धरते आणि ते बहुधा कमी असते. यासाठी हजेरीपत्रक, बँकेचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, जे असेल ते जपून ठेवण्यास वस्तीतल्या प्रत्येक घराला सांगावे. हे काम भाषणापेक्षा महत्त्वाचे आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा मृत्यू झाला तर 'तिचे उत्पन्न नव्हते' असे कोणी म्हणू लागल्यास मान्य करू नये. तिच्या श्रमाचे मोल धरले पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येही पुन्हा सांगितले आहे.

घरात दुःख असते तेव्हाच मध्यस्थ येतो. थोडी रक्कम पुढे करतो, कोऱ्या कागदावर सही मागतो. ती देऊ नये. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तरी त्या भरवशावर कोणी बसू नये. अपघात कोठेही झाला तरी दावा आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणात दाखल करता येतो. वकिलाची फी नाही म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये देण्याची योजना आहे. अर्ज, अपघात झाला त्या भागातील महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभाग किंवा तहसील कार्यालयात चौकशी करून द्यावा.

पाळीवर जाणाऱ्यांसाठी आणखी एक निर्णय ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीला जाताना वाटेत अपघातात मेला. तो कामावर पोहोचलाच नव्हता, म्हणून भरपाई नाही, असे त्याच्या कुटुंबाला सांगण्यात आले. जुलै २०२५ मध्ये, बावीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कामाची वेळ, जागा आणि प्रवास यांचा संबंध स्पष्ट असेल तर वाटेतला अपघात हा कामातलाच अपघात मानावा. वरठीच्या रस्त्यावर पाळीला निघालेल्या प्रत्येकाचा हा निर्णय आहे.

जखमीला उचलणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती अजून आहे. कलम १३४-अ ने अशा माणसाला संरक्षण दिले आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्तावर पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचार करण्याची योजनाही मे २०२५ मध्ये निघाली. पहिल्या तासात रुग्णालय गाठणे महत्त्वाचे, कागद मागून.

मरणापूर्वीचे काम मात्र आपल्याकडेच राहते. राष्ट्रीय महामार्गावरील एखादी जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरवण्यासाठी सरकारचे माप असे आहे: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे प्रेते मोजून झाल्यावर रस्ता धोक्याचा ठरतो, आणि तीही नोंदलेली प्रेते. आपसात मिटवलेला अपघात या मोजणीत येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी एक वही घालावी. विहारात ठेवा, वाचनालयात ठेवा. तीत तारीख, वेळ, नेमकी जागा, वाहन कोणते, माणूस पायी की सायकलवर, दिवा होता की नव्हता, पोलिसांत नोंद झाली की नाही, एवढे लिहावे. जे थोडक्यात वाचले तेही लिहावे, कारण उद्या ज्या जागी माणूस मरणार आहे ती जागा आज त्यांनीच दाखवलेली असते. वर्षभराची वही घेऊन ग्रामसभेत ठराव मांडावा आणि त्याची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवून पोच घ्यावी. रस्त्याच्या आखणीत वा देखभालीत हयगय झाल्याने मृत्यू ओढवला तर संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद कलम १९८-अ मध्ये आहे. धोका आधी लेखी कळवलेला होता हे दाखवायला त्या वेळी ही पोचच कामी येईल.