ब्राउनिंगचं गवत आणि कोलोरॅडोची रेघ

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या नव्या बंदूक कायद्याच्या बातम्या वाचून झाल्याच असतील. १ ऑगस्ट २०२६ ही अंमलबजावणीची तारीख, शेरीफकडून घ्यायचं पात्रता कार्ड, सक्तीचं प्रशिक्षण, परीक्षेत ९० टक्के गुण. शिवाय हे विधेयक रेटणारे सिनेटर टॉम सुलिव्हन आणि २०१२ साली ऑरोराच्या चित्रपटगृहातल्या गोळीबारात गेलेला त्यांचा मुलगा. ते पुन्हा उगाळत नाही. खरी गंमत कायद्याच्या व्याख्यांमध्ये आहे आणि मथळ्यांमध्ये ती मावली नाही.

सुटं मॅगझिन लागणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफली आणि शॉटगन या कायद्याच्या कचाट्यात येतात. पिस्तुलांपैकी मात्र फक्त वायूच्या दाबावर चालणारी. मागे बसणाऱ्या धक्क्यावर चालणारी नेहमीची पिस्तुलं सुटली. आणि हातानं चालवायच्या बंदुका तर पूर्ण मोकळ्या: बोल्टच्या, पंपाच्या आणि काउबॉयपटांत घोड्यावरून खटाखट चालवतात त्या लिव्हरच्या. रिव्हॉल्वरला सुटं मॅगझिनच नसतं, त्यामुळे तेही बाहेर. म्हणजे गोळी किती मारक आहे, हे कायदा विचारतच नाही. पुढचं काडतूस नळीत कोण सरकवतं, माणसाचा हात की जळलेल्या दारूचा वायू, मुख्यतः एवढंच तो विचारतो.

ही रेघ ज्या जागी ओढली आहे, ती जागा एका माणसानं १८८९ च्या सुमारास उटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी पाहून ठेवली होती. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. मराठी वाचकाला हे नाव अनोळखी नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगचं होतं. सावरकरांनी लंडनहून धाडलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक. पण हा गृहस्थ पिस्तुलांकडे वळला तो नंतर. त्याआधी त्यानं लिव्हरची रायफल तिच्या शिखरावर नेऊन ठेवली होती.

लिव्हरच्या बंदुकीची मूळ कथा मजेशीर आहे. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन या दोघांनी १८५४ साली लिव्हरवर चालणाऱ्या पिस्तुलाचं पेटंट घेतलं. धंदा काही जमला नाही. तो फिरत फिरत ऑलिव्हर विंचेस्टर नावाच्या, सदरे शिवून विकणाऱ्या कारखानदाराकडे गेला. स्मिथ आणि वेसन रिव्हॉल्वरकडे वळले आणि त्यात अमाप नाव कमावलं. विंचेस्टरच्या कारखान्यातल्या बेंजामिन टायलर हेन्रीनं जुन्या यंत्रणेची डागडुजी करून १८६० ची हेन्री रायफल काढली. त्या काळी सैनिक ठासणीच्या बंदुकीनं मिनिटाला दोन-तीन बार काढायचे, आणि हिच्या नळीखालच्या नळकांड्यात एका वेळी १६ काडतुसं मावत. रिव्हॉल्वर आणि लिव्हरची रायफल ही अशी एकाच घरातून वेगळी निघालेली भावंडं आहेत. २०२४ साली स्मिथ अँड वेसननं लिव्हरची नवी रायफल बाजारात आणली आणि तिला 'मॉडेल १८५४' असं नाव दिलं. त्याआधी, २०२० साली, रुगर कंपनीनं दिवाळखोर रेमिंग्टनकडून मार्लिन ही लिव्हरवाली जुनी पेढी विकत घेतली होती. व्यापाऱ्यांना वारा कुठून येतो ते आपल्याआधी कळतं.

यंत्रणा पाहायला सोपी. चापाभोवतीची कडी खाली ओढली की बोल्ट मागे येतो, रिकामी पुंगळी उडते, घोडा ताणला जातो आणि खालच्या नळकांड्यातलं काडतूस उचललं जातं. कडी वर घेतली की ते नळीच्या तोंडात बसतं. खांद्यावरचा दस्ता हलवावा लागत नाही, नजर नेमावरून काढावी लागत नाही. अडचण होती ती ताकदीची. हेन्रीची आणि १८७३ च्या विंचेस्टरची आतली जोडणी पिस्तुलाच्या तोडीच्या काडतुसापुरतीच होती. मोठं काडतूस तिच्या कुवतीबाहेरचं.

इथे ब्राउनिंग येतो. त्याची एकबारी रायफल पाहून विंचेस्टरचे अधिकारी टी. जी. बेनेट १८८३ साली थेट ऑग्डेनला गेले आणि ८,००० डॉलरला तिचे हक्क घेऊन परतले. मग १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ अशी एकापाठोपाठ एक मॉडेलं आली. उभ्या सरकणाऱ्या पोलादी खिळ्यांनी बोल्ट अडकवायची त्याची युक्ती इतकी भक्कम होती की १८८६ ची रायफल म्हशीएवढ्या जनावरावर चालणारी जाडजूड काडतुसं सहज पचवू लागली. १८९४ चं मॉडेल तर आजवर ७० लाखांहून अधिक बनलं. शिकारीच्या दुसऱ्या कुठल्या रायफलीच्या नशिबी असा खप क्वचितच आला असेल.

आणि याच माणसानं त्या यंत्रणेचा काळही ओळखला. ऑग्डेनच्या नेमबाजी क्लबात एक मित्र बार काढत होता. प्रत्येक बारासरशी नळीच्या तोंडापुढचं गवत आडवं होतंय, हे ब्राउनिंगच्या लक्षात आलं. गवत तिथे रोजच आडवं होत असणार. इतरांनी ते पाहिलंही असणार. ब्राउनिंगच्या मनात आलं ते वेगळं: ही ताकद फुकट का घालवायची? घरी येऊन त्यानं एक ७३ ची विंचेस्टर घेतली. नळीच्या तोंडासमोर मधोमध भोक पाडलेली पट्टी लावली आणि ती पट्टी दांडीनं थेट लिव्हरला जोडली. गोळी भोकातून गेली, मागोमाग आलेल्या वायूनं पट्टी ढकलली, दांडीनं लिव्हर ओढली. लिव्हरची रायफल हात न लावता स्वतःच स्वतःला भरू लागली. पुढे कोल्टनं काढलेल्या त्याच्या १८९५ च्या मशिनगनमध्येही नळीखाली झुलणारा एक दांडा दिसतो. तो त्या पट्टीचाच वंशज.

आज कोलोरॅडोचा कायदा ज्या दोन बाजू पाडतो, त्या दोन्ही एका दुपारपुरत्या एकाच बंदुकीत नांदत होत्या.

विंचेस्टरला ही दिशा मानवली नाही. ब्राउनिंगनं आपोआप भरणाऱ्या शॉटगनसाठी रोख रकमेऐवजी प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली. कंपनीनं नकार दिला आणि १९०२ साली जवळजवळ वीस वर्षांचा घरोबा तुटला. तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला, तर तो बाहेर वाट बघत असतानाच ते हृदयविकारानं गेले. मग त्यानं बेल्जियमची वाट धरली. पुढची कथा एफएन कंपनीची, नाशिकची आणि साराएव्होची. १९१४ साली आर्चड्यूक फर्डिनांडवर रोखलेलं पिस्तूलही त्याच्याच आराखड्यावरचं होतं.

मग आज लिव्हरच्या रायफलीत उरलं काय? चाहते म्हणतात, सगळं. माझं मत जरा कंजूष आहे. निम्मं आकर्षण हॉलिवूडचं. 'स्टेजकोच'मध्ये जॉन वेन मोठ्या कडीची विंचेस्टर एका हातानं गरकन फिरवतो. कथा १८८० च्या आसपासची आणि बंदूक १८९२ च्या मॉडेलची! 'टर्मिनेटर २'मध्ये अर्नोल्ड मोटरसायकलवरून जी शॉटगन फिरवतो, तीही ब्राउनिंगचीच, १८८७ ची. 'पश्चिम जिंकणारी बंदूक' हे बिरुद कंपनीच्या जाहिरात खात्याचं. अमेरिकेच्या घोडदळाच्या हाती तेव्हा एकबारी स्प्रिंगफील्ड होती. १८७६ साली लिटल बिगहॉर्नला कस्टरच्या तुकडीचा फडशा पडला तेव्हा हेन्री आणि विंचेस्टर होत्या त्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांकडे. १९८३ साली तिथे वणवा लागून रान मोकळं झालं. मग संशोधकांनी मातीतल्या पुंगळ्या गोळा केल्या, प्रत्येकीवरचा ठसा ताडून पाहिला आणि कोण कुठून झाडत होता याचा नकाशाच मांडला.

लिटल बिगहॉर्नच्या पुढच्याच वर्षी प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्कांनी लांबवर पीबॉडी-मार्टिनी आणि जवळ आल्यावर विंचेस्टर वापरून रशियन हल्ले कापून काढले. जुनं म्हणजे निरुपद्रवी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे प्रकरण वाचावं. तरी सैन्यांनी लिव्हर फारशी स्वीकारली नाही. पालथं पडून झाडायचं तर कडी जमिनीला अडते. शिवाय नळकांड्यात काडतुसं एकामागे एक, शेंडी पुढच्याच्या बुडाला टेकवून बसतात. टोकदार गोळी असेल तर धक्क्यानं पुढच्याची टोपी फुटायची भीती. म्हणून लिव्हरच्या गोळ्या पिढ्यान्‌पिढ्या बोथट राहिल्या आणि बोथट गोळी लांब गेली की वेग टाकते. अलीकडे मऊ पॉलिमरच्या शेंडीच्या गोळ्यांनी ही अडचण बरीच सोडवली.

पण दाट रानात, दीडशे मीटरच्या आत, हरणाच्या शिकारीला .३०-३० ची लिव्हर आजही चोख आहे. चपटी, हलकी, दोन्ही बाजूंना काही बाहेर न आलेली. ओहायोसारख्या सपाट शेतीच्या भागांत गोळी फार दूर जाऊ नये म्हणून हरणाच्या शिकारीत रायफल वापरायची तर सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या, काडतुसांनाच मुभा आहे. तिथे लिव्हरची जुनी जाड काडतुसं नियमात आपोआप बसतात.

आणि एक जोडी अशी आहे की तिथे माझाही कंजूषपणा सैल होतो. १८७८ पासून कोल्टचं रिव्हॉल्वर विंचेस्टर ७३ च्याच .४४-४० काडतुसात मिळू लागलं. कमरेच्या पट्ट्यातली काडतुसं दोन्हीत चालायची. दुकान शंभर मैलांवर असेल तर याची किंमत कळते. आज तेच काम .३५७ मॅग्नम करतं. चार इंची रिव्हॉल्वरमधून सेकंदाला अंदाजे ३८० मीटरनं निघणारी गोळी लिव्हरच्या लांब नळीतून ५५० च्या घरात जाते. दारूला जळायला जागा मिळाली, एवढाच फरक.

रिव्हॉल्वरचीच लांब रायफल का रुजली नाही, याचं उत्तरही वायूतच आहे. फिरतं चक्र आणि नळी यांच्यामध्ये फट असते. बार होताच त्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला फवारतात. रिव्हॉल्वरमध्ये हात मागे असतो. कोल्टनं रिव्हॉल्वरचीच रायफल केली तेव्हा पुढचा आधाराचा हात नेमका त्या फवाऱ्यात सापडला. सैनिक वैतागले.

रिव्हॉल्वरच्या बाजूनं नेहमीचा युक्तिवाद साधेपणाचा असतो. एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढा, चक्र पुढचं काडतूस आणतं. हे खरं. पण हाताळायला सोपं आणि नेम धरायला सोपं यांत अंतर आहे. घोडा न ताणता थेट चाप ओढायचा तर साधारण चार-पाच किलोंचा जोर लागतो आणि शिकाऊ हात तिथेच हलतो. २०१४ साली कानपूरहून 'निर्भीक' हे अर्धा किलोचं रिव्हॉल्वर महिलांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून गाजावाजा करून आलं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. सरावाच्या सोयीबद्दल त्या गाजावाज्यात फारसं काही नव्हतं.

अमेरिकी पोलिसांनी रिव्हॉल्वर सोडलं ते साधेपणाला कंटाळून नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ जण दोन दरोडेखोरांसमोर उभे होते. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. एकाला जखमी हातानं आपलं रिव्हॉल्वर पुन्हा भरता आलं नाही. त्यानंतर एकेक खातं पिस्तुलाकडे वळत गेलं आणि १९९३ साली न्यूयॉर्कचे पोलीसही वळले. उलट बाजूला हेही लक्षात ठेवावं की गारफील्ड आणि मॅकिन्ली हे दोन राष्ट्राध्यक्ष रिव्हॉल्वरच्या गोळीनं गेले आणि १९६८ साली रॉबर्ट केनेडीही.

हाताची बाजू आणि वायूची बाजू अशी रेघ कोलोरॅडोनंच पहिल्यांदा ओढली असंही नाही. पोर्ट आर्थरमध्ये १९९६ साली ३५ माणसं मारली गेल्यावर ऑस्ट्रेलियानं अर्धस्वयंचलित बंदुका जवळजवळ हद्दपार केल्या, लिव्हर राहिली. मग तुर्कस्तानातून अॅडलर ही सात काडतुसांची लिव्हर-शॉटगन येऊ घातली आणि संसदेत रण माजलं. २०१६ च्या अखेरीस तोडगा निघाला: पाचपर्यंत काडतुसं असतील तर एक वर्ग, त्याहून जास्त असतील तर सर्वात कडक वर्ग. ब्रिटनमध्ये १९९७ च्या बंदीनंतर पिस्तूलवाले नेमबाज लिव्हरच्या .३५७ कार्बाइनकडे वळले. काही कारागीर त्याहून हुशार. त्यांनी वायूनंच पुंगळी फेकणारी पण पुढचं काडतूस भरायला अंगठ्यानं एक खटका दाबावा लागणारी रायफल काढली. म्हणजे अर्धं काम वायूचं, अर्धं हाताचं. २०१९ च्या कायद्यानं तीही बंद केली.

कोलोरॅडोत असे कारागीर निघणार नाहीत, असं मानायला मला काही कारण दिसत नाही. नव्या लिव्हर-रायफलींकडे पाहा: काळा पॉलिमरचा दस्ता, दुर्बिणीसाठी पट्टी, सायलेन्सर बसवायला आटे पाडलेलं नळीचं तोंड. काउबॉयचा मागमूस नाही. आणि कोलोरॅडोनं २०१३ साली मॅगझिनवर १५ काडतुसांची मर्यादा घातली, तेव्हा त्या व्याख्येतून लिव्हरच्या बंदुकीतलं नळकांडं नाव घेऊन वगळलं होतं. १८६० च्या हेन्रीत १६ मावत होती.