रिकाम्या डिस्कवर एवढी कसली जुळवाजुळव?

दोस्तांनो, पाटीवर दोन आकडे लिहा: ४२ आणि ५१. शेजारी त्यांची बेरीज मांडा, ९३. आता धाकट्या भावाने ४२ पुसून टाकले, तर परत कसे मिळवाल? अगदी सोप्पं! ९३ वजा ५१. पुसलेला आकडा हजर!

याच युक्तीवर संगणकाच्या हार्ड डिस्क एकमेकींना सांभाळतात. डिस्क म्हणजे यंत्रच, कधी ना कधी बिघडायचंच. मग तुमच्या सहलीच्या फोटोंचं काय? १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. एकच महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या पुष्कळ डिस्क जोडा, आणि थोडी जागा अशा ‘बेरजे’साठी राखून ठेवा! या जुळणीला ‘रेड’ म्हणतात. एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातलं सगळं परत काढता येतं. (संगणक खरी बेरीज करत नाही, बरं का. त्याच्याजवळ फक्त ० आणि १. ओळीतले १ सम आहेत की विषम, एवढंच तो लिहून ठेवतो.)

आता गंमत बघा. नव्या डिस्क आणून अशी जुळणी केली, की संगणक लगेच कामाला लागतो. दिवे तासन् तास लुकलुकत राहतात. आईबाबा वैतागतात, “अरे, अजून एक फोटोसुद्धा ठेवला नाही, आणि हा कसली जुळवाजुळव करतोय?”

पण रिकामी डिस्क म्हणजे कोरी डिस्क नव्हे! तिच्यावर जुनं काहीबाही असू शकतं. समजा, दोन डिस्कवर ७ आणि ५ आहेत, आणि बेरजेच्या जागी चक्क ४०. तुम्ही ७ च्या जागी ९ लिहिलेत. संगणक पुष्कळदा पूर्ण बेरीज नव्याने करत नाही. दोन वाढले, म्हणून बेरजेतही दोन वाढवतो. झाले ४२. वरवर सगळं ठीक! वर्षभराने ९ ची डिस्क बिघडली. आता ४२ वजा ५ किती? ३७! फोटोच्या जागी नुसता कचरा.

म्हणून पहिल्याच दिवशी या टोकापासून त्या टोकापर्यंत बेरीज जुळवून घ्यायची. डिस्क ४ टेराबाइटची आणि वेग सेकंदाला १५० मेगाबाइट धरलात, तर सात तासांच्या वर लागतात. करा भागाकार!

लिनक्स ही प्रणाली इथे भारी शक्कल लढवते. चार डिस्क असतील तर शेवटची ‘अजून आलीच नाही’ असं ती धरून चालते. मग बाकीच्या तिघी नुसत्या वाचायच्या आणि चौथीवर काय हवं ते सरळ लिहीत सुटायचं. वाच, तपास, मागे ये, दुरुस्त कर ही धावपळच नको! तेवढ्या वेळात तुम्ही फोटो ठेवू शकता. मात्र तिघींपैकी एखादी तेव्हाच बिघडली, तर वाचवायला कुणी नाही. तेव्हा जुन्या जागेवरचे फोटो एवढ्यात पुसू नका.

‘सगळं जुळलेलंच आहे असं समज’ अशीही एक आज्ञा आहे. घाईची माणसं ती देऊन मोकळी होतात, आणि मग त्या ३७ ची गाठ पडते. पण सगळ्या डिस्कवर आधीच नुसती शून्यं भरलेली असतील तर? ० अधिक ० बरोबर ०. बेरीज जुळलेलीच! तेव्हा ही आज्ञा खुशाल द्यावी.